डीव्हीडीतली उंची

चुलत बहिणीच्या लग्नात मी करवली होते. करवलीने नवरीच्या मागे हातात कलश धरून उभं राहायचं असतं. ताई पाटावर बसलेली, नवरदेव बसलेला, भटजी बसलेले. बाकीची माणसं येऊन-जाऊन. सबंध विधी होईपर्यंत एका जागी उभी अशी मी एकटीच. त्या दिवशी याचं कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

मी उंच नाही. आमच्या घरात कोणीच नाही. मुरबाडहून म्हसा गावाच्या बाजूला आमचं गाव, गावात बाबांची भाताची गिरणी. काकांचं घर आमच्या घराला लागूनच. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि अंगाने भरलेली, मी बुटकी आणि ना जाड ना बारीक. तिला शहापूरला दिली. लग्नाचं शूटिंग नवऱ्याकडच्यांनी ठरवलं होतं. शहापूरच्या एका स्टुडिओवाल्याने नवीन कॅमेरा घेतला होता आणि त्यात चित्र रुंद येतं, सिनेमासारखं, असं तो मांडवात सगळ्यांना सांगत होता.

महिन्या-दीड महिन्याने डीव्हीडी आली. एक ताईच्या सासरी, एक आमच्याकडे. वरच्या कागदावर ताई आणि दाजी एका बदामात. तेव्हा घरोघरी डबा टीव्हीच होते. शहापूरच्या दुकानांत भिंतीवर लावायचे सपाट टीव्ही नुकते दिसायला लागले होते, पण ते बघून यायचे, घ्यायचे नाहीत. आम्ही सगळे आमच्या डब्यासमोर बसलो. पहिल्याच दृश्यात काका वरातीला सामोरे जाताना दिसले आणि त्यांचं पोट गेलेलं होतं.

"कॅमेरा चांगलाय त्याचा," काका म्हणाले.

"सगळी कशी उंच नि सडपातळ दिसतात गो," आई म्हणाली.

यात काही चुकलंय असं कोणाच्याही मनात आलं नाही. लग्नात माणूस नटतो, चांगला दिसतो, आणि पैसे देऊन काढलेल्या चित्रात आणखी चांगला दिसतो, असंच सगळे धरून चालले. डीव्हीडी दोन-तीनदा लागली आणि मग टीव्हीखालच्या खणात गेली.

ताईच्या सासूची धाकटी बहीण आसनगावला राहते. लग्नाच्या चार दिवस आधी ती मोरीत घसरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. ती लग्नाला आली नाही आणि तिला सोबत म्हणून तिचा मुलगाही आला नाही. पुढे तिच्या करमणुकीसाठी ताईच्या सासूने ती डीव्हीडी तिच्याकडे पाठवून दिली. आसनगावच्या मावशी पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या ते लग्न रोज बघायच्या. कोण कुठे उभं होतं, कोणी कोणती साडी नेसली होती, सगळं त्यांना पाठ झालं. आणि रोज बघता बघता त्यांच्या डोळ्यात नवरीमागची कलशवाली मुलगी भरली. त्यांचा मुलगा सहा फुटाला थोडाच कमी. त्याला शोभेल अशी उंच, शिडशिडीत मुलगी त्या वर्षभर शोधत होत्या. आता ती आयती टीव्हीत सापडली होती, तीही नात्यातली.

ताईच्या सासूला त्यांनी विचारलं, तेव्हा सासू म्हणाली, मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे. उंचीचा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर ती माणसं मला बघायला आली. मावशी, त्यांचा मुलगा आणि गाडी चालवणारा शेजारी. मावशींच्या पायाचं प्लास्टर निघालं होतं, पण हातात काठी होती. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. अजून कोणी यायचं असेल तशा त्या दाराकडे बघत राहिल्या.

"मोठी कुठाय?" त्यांनी आईला विचारलं.

"मोठी कोण? एकच मुलगी आमाला," आई म्हणाली. "हीच."

"ही नाय. व्हिडिओतली."

"व्हिडिओत पण हीच."

मला त्यांनी उभं राहायला सांगितलं. मी उभीच होते. मुलाला माझ्या शेजारी उभं राहा म्हणाल्या. तो उठला नाही, ताटलीकडे बघत म्हणाला, "आई, पोहे खा." तो तेवढंच बोलला. त्याच्या आईने पोहे खाल्ले नाहीत. त्या बाबांकडे वळल्या.

"दादा, नात्यात असं करायचं नाय. व्हिडिओत एक दाखवायची नि घरात एक. उंच चपला घालून उभी केली होती काय तिला?"

"मांडवात कोण चपला घालून उभं राहतंय?" बाबा म्हणाले. "नि आमी कुठं दाखवला तुमाला व्हिडिओ?"

हे दोन्ही खरं होतं, पण त्याने काही झालं नाही. चहा तसाच ठेवून ती माणसं गेली. मी ताट उचलून आत नेलं. मला राग आला होता का, हे आता नीट आठवत नाही. मावशी दाराकडे बघत होत्या ते मात्र आठवतं. जी मुलगी बघायला त्या आल्या होत्या, ती त्यांना खरंच भेटली नव्हती. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

बाबांना ते लागलं. त्यांच्या धंद्यामुळे जास्त लागलं असणार. गिरणीत लोक भात टाकून शेतावर जातात आणि मागाहून तांदूळ न्यायला येतात. भात आत जाताना आणि तांदूळ बाहेर येताना कोणी उभं राहून बघत नाही. सगळा भरवसा बाबांच्या तोंडावर. त्या तोंडावर कोणीतरी खोटेपणाचा शिक्का मारून गेलं होतं आणि तो शब्द शहापूरपर्यंत पोचला होता. गिरणीवाल्यांनी मुलीला पाटावर उभं करून शूटिंग घेतलं, असं तिकडे कोणी म्हणालं, ते ताईने फोनवर सांगितलं. त्यानंतर शहापूरला जायचं काम निघालं की बाबा काकांना पाठवायचे. मुलीचं स्थळ मोडलं याचं त्यांना फार काही नव्हतं. ते म्हणायचे, "बघायला येतात नि जातात. पण खोटं दाखवलं म्हणून गेले."

एका दुपारी मी खणातून डीव्हीडी काढली आणि एकटीने लावली. मला स्वतःला बघायचं होतं. कलश धरून मी उभी होते आणि ती मी नव्हते. मान लांब, हात लांब, चेहरा काकडीसारखा. पण ताईचाही तसाच होता. भटजींचाही. मग नवरदेवाची गाडी आली. मी ते दृश्य थांबवलं. गाडीचं चाक गोल नव्हतं. उभ्या अंड्यासारखं होतं. मी पुढे-मागे करून बघितलं. हळदीची परात, ताशाचं तोंड, मांडवाला टांगलेले फुगे, जे जे गोल असायला हवं ते सगळं उभं लांबट होतं. म्हणजे उंच मी झाले नव्हते. चित्रच दोन्ही बाजूंनी दाबलेलं होतं.

बाबांना बोलावून चाक दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"म्हणजे टीव्ही बिघडलाय?"

"टीव्ही नाय. बातम्यांतली चाकं गोल दिसतात."

"मग त्या स्टुडिओवाल्याला विचार," ते म्हणाले. स्वतः जायला तयार नव्हते.

मी सरळगाव-किन्हवलीच्या एसटीने शहापूरला गेले. ताईला बरोबर घेतलं. स्टुडिओ म्हणजे पुढे पासपोर्ट फोटो काढायचं स्टूल, त्यामागे निळा पडदा आणि पडद्यामागे कॉम्प्युटर. स्टुडिओवाला चाळिशीचा, बोलायला मोकळा. मी चाकाचं सांगितलं तर तो हसला.

"तुमी पहिल्याच," तो म्हणाला. "एवढी लग्नं झाली, चाक कोणी नाय बघितलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे काय, मीच करतो तसं."

त्याने कॉम्प्युटरवर मूळ शूटिंग लावलं. त्यात मांडव या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता आणि सगळी माणसं आपापल्या मापाची होती. काकांचं पोट जागेवर होतं. मी बुटकी होते. मग त्याने समजावलं ते साधारण असं. कॅमेरा रुंद चित्र घेतो, लोकांच्या घरचे टीव्ही चौकोनी. रुंद चित्र चौकोनात बसवायला तीनच मार्ग. दोन्ही बाजूंनी दाबायचं, म्हणजे माणसं बारीक होतात. नाहीतर दोन्ही बाजू कापायच्या. नाहीतर चित्र आहे तसं ठेवायचं आणि वर-खाली जी जागा उरते ती काळी सोडायची. डीव्हीडी बनवताना कॉम्प्युटर विचारतो, चित्र रुंद आहे की चौकोनी. हा सरळ चौकोनी सांगायचा आणि रुंद चित्र दाबून आत बसायचं.

"पण खरं सांगायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"पट्ट्या येतात ना. सुरवातीला चार डीव्हीड्या दिल्या तशा. चारही माणसं परत आली. बोलतात, टीव्ही एवढा मोठा नि तुमी वरखाली काळं काय ठेवलंय, आमी पैसे पूर्ण दिलेत. माणसं बारीक दिसली तर कोण भांडायला येत नाय. पट्टी दिसली की येतात."

ताई इतका वेळ मूळ शूटिंगमध्ये स्वतःकडे बघत होती. ती म्हणाली, "मी अशी दिसत होते लग्नात?"

"तू आहेस तशीच दिसतेस," मी म्हटलं.

"मग आमच्या घरची हाय तीच राहू दे. मला नको बदलून."

मला मात्र बदलून हवी होती आणि कशासाठी तेही मी स्टुडिओवाल्याला सांगितलं. आपल्यामुळे एक स्थळ गेलं हे ऐकून त्याला जरा वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, पट्टी नको असेल तर मी बाजू कापून देतो, माणसं सरळ दिसतील आणि टीव्हीही भरेल. मला ते बरं वाटलं. दोन दिवस ताईकडे राहिले आणि ती नवीन डीव्हीडी घेऊन घरी आले.

ती आम्ही लावली. चाकं गोल होती. मी माझ्या उंचीची होते. आई खूश झाली. बाबा टीव्हीच्या जवळ सरकून बसले. अर्धं लग्न झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी नव्हतो काय लग्नाला?"

आम्ही परत लावून बघितलं. बाबा खरंच कुठे नव्हते. त्या दिवशी पंगतीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, म्हणून ते सगळा वेळ मांडवाच्या कडेच्या खांबाजवळ उभे होते, एक डोळा लग्नावर आणि एक डोळा वाढप्यांवर. कापलेल्या बाजूबरोबर ते गेले होते. आजी, आईची बहीण, काकांचे शेजारी असे कडेला उभे राहणारे सगळेच गेले होते. एका ठिकाणी बाबांचा हात तेवढा येत होता, अक्षता टाकताना.

"बघ, माझा हात," बाबा म्हणाले. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

मी पुन्हा शहापूरला गेले. स्टुडिओवाल्याला म्हटलं, पट्ट्यांची द्या.

"नंतर तक्रार घेऊन यायचं नाय," तो म्हणाला.

"नाय येणार."

त्याने मला शेजारी बसवून दाखवलं. कॉम्प्युटरने प्रश्न विचारला तिथे त्याने 'रुंद' निवडलं, बस्स. फरक एवढाच. तो म्हणाला की घरच्या प्लेयरलाही एकदा सांगावं लागतं, तुला जोडलेला टीव्ही कसला आहे. चौकोनी आहे सांगितलं की तो पट्ट्या स्वतः सोडतो. ते रिमोटवर कुठे असतं हेही त्याने दाखवलं. तिथून निघताना मला जरा आश्चर्य वाटत होतं. बाबांवर जे आलं होतं त्याचं सगळं मूळ एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरात होतं आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात आमच्याबद्दल काहीच नव्हतं.

घरी ती डीव्हीडी लावली. चित्र बुटकं झालं, वर-खाली काळं, पण सगळे होते. बाबा खांबाशी होते. आई म्हणाली, "खिडकीतनं बघितल्यासारखं दिसतंय." बाबांनी शेवटपर्यंत बघितली.

"ही शहापूरला नेते," मी म्हणाले.

"कशाला? आपण काय पुरावा द्यायचा?"

"पुरावा नाय. नुसती लावते."

ते नको म्हणाले नाहीत.

संक्रांतीनंतर ताईच्या सासरी हळदीकुंकू होतं, लग्नानंतरचं पहिलं. मला ताईने बोलावलं आणि आसनगावच्या मावशी येणार हेही सांगितलं. ओटी भरून झाल्यावर बायका तिळगूळ खात बसल्या होत्या आणि नव्या सुनेच्या घरी लावतात तसं कोणीतरी लग्नाचं लावा म्हणालं. मी उठले, प्लेयरचं ते सेटिंग बदललं आणि माझ्याजवळची डीव्हीडी घातली. ताईने माझ्याकडे रागाने बघितलं, पण समोर पाहुण्या बसल्या होत्या.

"काळं काय आलंय गो वर?" एक बाई म्हणाली.

"टीव्ही गेला वाटतं," दुसरी म्हणाली.

मग ताईची सासू पडद्यावर आली, विहीणभेटीला. ती चांगली आडव्या अंगाची बाई. पडद्यावरही तशीच. आसनगावच्या मावशी तिळगुळाची वडी हातात धरून पुढे सरकल्या.

"ताई, ही तू?" त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला विचारलं.

"मग कोण?" ताईची सासू म्हणाली.

"त्यात तू वाळलेली दिसत होतीस. माझ्या घरच्यात."

"तरीच! तरीच तू माझ्या मागे लागलीस, साखर तपास म्हणून."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मावशींनी अंथरुणावर पडल्या पडल्या ते लग्न बघताना बहिणीचा चेहरा ओढलेला बघितला होता आणि त्यांना वाटलं होतं, हिला काहीतरी झालंय. त्यांनी फोन करकरून तिला कल्याणच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. रक्त तपासलं, लघवी तपासली, काही निघालं नाही. डॉक्टरने उलट वजन कमी करायला सांगितलं. ताईच्या सासूने हे सगळं आता बायकांना हसत हसत सांगितलं आणि बायकाही हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या टीव्हीकडे बघत होत्या. कलश घेऊन मी उभी होते.

त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी प्लेयरजवळ खाली बसले होते.

"म्हणजे तू होतीस तेवढीच होतीस."

"हो मावशी."

"मग ते तसं कसं?"

मी स्टुडिओवाल्याने सांगितलेलं सांगितलं. दाबलेलं, कापलेलं, पट्ट्यांचं. मी शांतपणे सांगितलं. मला वाटलं होतं हे सांगताना आपल्याला काहीतरी जिंकल्यासारखं वाटेल, तसं वाटलं नाही. मावशींचा चेहरा उतरला होता. साठीची बाई, काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेली, आणि आजूबाजूला सगळ्या तिच्या बहिणीच्या पोटावर हसत होत्या.

"तुझ्या बाबांना मी बोलले," त्या म्हणाल्या.



आठवडाही झाला नसेल, त्या आमच्या गावी आल्या. घरी न जाता सरळ गिरणीवर गेल्या. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते म्हणून मला ते बघायला मिळालं. मशीन चालू होतं. बाबा कोंड्याने पांढरे झालेले. मावशी दारात काठी टेकून उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या, ते मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. बाबांनी कानाला हात लावला. त्या पुन्हा बोलल्या. बाबांनी जाऊन मशीन बंद केलं.

"मी बोलले ते चुकीचं बोलले, दादा. बाकी कोणाला नाय, तुमाला सांगायला आले."

बाबा अंगावरचा कोंडा झटकत राहिले. मग म्हणाले, "ऊन लागतंय तुमाला. आत बसा." एक पोतं झटकून त्यांनी पुढे केलं. मावशी पोत्यावर बसल्या. मी आणलेल्या डब्यातली भाकरी दोघांनी खाल्ली. बोलणं पायाचं झालं, भाताचं झालं, यंदा तूस जास्त पडतंय याचं झालं. निघताना मावशी म्हणाल्या, मुलाचं उंचीवर काहीच म्हणणं नव्हतं, ते सगळं माझंच होतं. तुमची हरकत नसेल तर पोरांनी एकदा बोलून बघावं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तिला विचारतो," ते म्हणाले. मी तिथेच उभी होते, पण त्यांनी मला घरी गेल्यावर, हातपाय धुऊन झाल्यावर विचारलं. त्याच्याशी बोलायला माझी ना नव्हती.

पौषात बोलणी करत नाहीत. म्हणून ठरवून कोणी काही केलं नाही. म्हशाची जत्रा लागलेली होती, तिथे भेटलो तर भेटलो असं दोन्ही घरांनी बोलून ठेवलं आणि मग बरोबर भेटलो. मावशी आणि आई घोंगड्यांच्या दुकानांत शिरल्या. तो आणि मी बैलांच्या बाजाराच्या कडेने चालत राहिलो. आकाशपाळण्यांचे भोंगे एवढे वाजत होते की त्याला माझं ऐकायला वाकावं लागत होतं आणि मला त्याच्याशी बोलायला मान वर करावी लागत होती. थोड्या वेळाने मान दुखायला लागली. मी त्याला तसं सांगितलं, तेव्हा तो एका बैलगाडीच्या जुवावर बसला आणि मी उभी राहिले. मग नीट बोलता आलं.

तो म्हणाला, त्याने ती डीव्हीडी कधी बघितलीच नव्हती. आईने एका संध्याकाळी चित्र थांबवून दाखवलं होतं, ही बघ. तो कामावरून आला होता, बूट काढत होता, बरी आहे म्हणाला. "तुमच्या घरी आलो तेव्हा मला काय फरक कळला नाय," तो म्हणाला. "मला तो चेहराच आठवत नव्हता."

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. मला आवडला असता. त्याने विचारलं, पुढे काय करणार. मी सांगितलं की डोळखांबच्या बाजूला आश्रमशाळेत शिक्षिकेची जागा मिळायची आहे, तिथे मुलींच्या वसतिगृहातच राहावं लागतं, आणि ती मला घ्यायची आहे. तो जरा वेळ बैलांकडे बघत राहिला.

"आईचा पाय काय पहिल्यासारखा होणार नाय," तो म्हणाला. "मी पहाटे जातो, रात्री येतो. घरात कोणीतरी पाहिजे."

"हो."

"तुमी ती नोकरी सोडणार नाय."

"अजून लागलीच नाय. पण लागली तर नाय सोडणार."

"बरोबर हाय," तो म्हणाला.

आम्ही गरम भजी घेतली आणि खाल्ली. मग आपापल्या आयांना शोधायला गेलो. घरी मी बाबांना सांगितलं, माणूस चांगला आहे, जमणार नाही. का ते सांगितलं. बाबा म्हणाले, "उंचीवरनं नाय ना?" मी नाही म्हटलं. "मग ठीक हाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कामासाठी स्वतः शहापूरला गेले.

नोकरी मला लागली. पुढे तीन वर्षांनी लग्नही झालं, त्याच बाजूच्या एका शिक्षकाशी. शूटिंगवाला तोच होता आणि डीव्हीडी पट्ट्यांची हवी असं मी त्याला मांडवातच सांगितलं. नवऱ्याकडच्या माणसांनी पट्ट्यांबद्दल विचारलंच. मी पहिली काही वर्षं समजावून सांगायचे, नंतर सोडून दिलं. मग घराघरांत रुंद टीव्ही आले आणि त्याच डीव्हीडीत पट्ट्या दिसेनाशा झाल्या, चित्र कडेपर्यंत भरून यायला लागलं. तेव्हा कोणी काही विचारलं नाही.

ताईकडची डीव्हीडी दाबलेलीच राहिली. तिच्या घरी मोठा टीव्ही आला तेव्हा त्याने ते चौकोनी चित्र स्वतःहून ताणून पडदाभर केलं, आणि दाबलेली माणसं ताणली गेल्यावर बरोबर आपल्या मापावर आली. ताईने मला फोन केला. नवीन टीव्हीत मी जाड दिसते गो, म्हणाली, दुकानदाराला परत करू काय. मी म्हटलं रिमोटवर एक बटण असतं, ते दाबून बघ. तिने दाबलं, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळं आलं, मधे ती पूर्वीसारखी बारीक झाली. आता पट्ट्या चालतात काय, असं मी विचारलं नाही. तिला चालल्या.

आसनगावच्या मावशी माझ्या लग्नाला आल्या होत्या. पाय ओढत चालत होत्या, पण आल्या. तोवर त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि सून बरोबर होती, दोन महिन्यांचं बाळ खांद्यावर घेऊन. सून उंच नव्हती. मावशींनी तिला पुढे ओढून माझ्याशी ओळख करून दिली आणि बाळ माझ्या हातात दिलं. भटजी मला बोलवत होते, म्हणून मी ते लगेच परत केलं.